नव्या औषधाची परीक्षा आणि रोग्याची साक्ष

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दौंड येथे वाचलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. शिरूरला, म्हणजे जुन्या मंडळींच्या घोडनदीस, चाळीस वर्षे औषधांचे दुकान चालविले, इतकाच काय तो आमचा या विषयातील अधिकार. दुकानाच्या फळीमागे उभे राहून चिठ्ठ्या वाचणाऱ्या माणसास औषधांची नावे पुष्कळ ठाऊक होतात. परंतु ती औषधे मुळात औषधे ठरली कशी, हे तो सहसा विचारीत नाही. आम्हीही विचारले नव्हते. ते विचारण्याची पाळी आमच्या एका चुलतबंधूंमुळे आली. ते येथे दौंडातच राहतात. आज सभेस आलेले नाहीत. त्यांच्या अनुमतीने, परंतु त्यांचे नाव न घेता, आम्ही हे बोलत आहोत.

नाव न घेण्याचे कारण सांगून टाकतो, म्हणजे मनात राहावयास नको. त्यांच्या घरात उपवर मुलगी आहे, आणि आपल्या वधूवर सूचीत घराण्यातील आजाराचा रकाना नसला तरी तो प्रत्येकाच्या तोंडी असतो. चुलतबंधूंस जो विकार आहे तो संसर्गाने पसरत नाही आणि बापाकडून मुलाकडे सरळ वारशानेही उतरत नाही. रोग्याच्या निकटच्या नातलगांस त्याचा संभव इतरांहून काहीसा अधिक असतो, एवढेच. तरीही आपल्यातील घरेच्या घरे हा विकार झाकून ठेवतात. झाकलेल्या रोग्याकडे नवे औषध कोणत्या वाटेने पोहोचावे?

विकाराचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. बहुधा वीस ते चाळीस या वयात, म्हणजे ऐन कर्तेपणाच्या काळात, तो सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. आपल्या देशात तो युरोपच्या मानाने विरळा. तथापि मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात तो बराच आढळतो, असे डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवून दिले होते. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायेलिन नावाचे आवरण असते. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून त्या आवरणावरच चाल करून जाते, ते ठिकठिकाणी झिजते, आणि मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत धडपणे पोहोचेनासा होतो. आता हुकूम पोहोचला नाही तर स्नायू ढिले पडावेत, असे आपणांस वाटेल. अशक्तपणा येतो हे खरे. परंतु त्याच्या जोडीला ताठरपणाही येतो. कारण मेंदूकडून जाणाऱ्या हुकमांत 'हालव' असे जसे असते तसेच 'आवर' असेही असते. हा आवरणारा हुकूम तुटला की स्नायू कासरा सुटलेल्या बैलाप्रमाणे आपल्याच जोराने ओढू लागतात. पाय लाकडासारखा होतो, रात्री अकस्मात झटका येऊन गुडघे पोटाशी येतात, मांड्या एकमेकींस चिकटून बसतात आणि धुणेपुसणेदेखील कठीण होते. डॉक्टर मंडळी यास स्पॅस्टिसिटी म्हणतात. आमच्या घरी दोन वर्षे त्यास 'वात' म्हणत होते, आणि तेल चोळण्यात ती दोन वर्षे गेली.

या ताठरपणाची एक गोष्ट चुलतबंधूंनी आम्हांस शिकविली. त्यांचा डावा पाय दुबळा आहे. तो उभे राहण्याइतका भार घेऊ शकत नाही. परंतु तो ताठतो, म्हणूनच त्यावर त्यांस उभे राहता येते. पलंगाच्या कडेला बसून ते पाय ताठ होण्याची वाट पाहतात, आणि तो ताठला की काठीप्रमाणे टेकून उठतात. म्हणजे रात्री जो वैरी तोच सकाळी आधार! औषधाने सारा ताठरपणा घालविला तर झोप लागेल, परंतु माणूस सकाळी न्हाणीघराच्या दारात कोसळेल. हे कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

यावरील नित्याचे औषध म्हणजे बॅक्लोफेन. याची कथा मौजेची आहे. १९६२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत हाइनरिख केबर्ले यांनी ते तयार केले ते अपस्मारासाठी. अपस्मारावर ते फारसे चालले नाही. परंतु ताठलेले स्नायू त्याने सैल होतात असे दिसून आले, आणि पुढल्या दशकात ते याच कामासाठी रूढ झाले. मूळ विकार त्याने बरा होत नाही. केवळ त्रास हलका होतो. त्याची एक अट मात्र कडक आहे. नेमाने घेणाऱ्याने ते एकाएकी सोडावयाचे नसते.

ही अट आम्हांस पुस्तकातून ठाऊक होती, आणि तरीही आमच्या हातून प्रमाद घडला. एका पावसाळ्यात चुलतबंधूंच्या गोळ्या संपल्या. पुण्याहून माल येण्यास उशीर होता. त्यांनी दूरध्वनी केला तेव्हा आम्ही म्हणालो, "दोन-चार दिवस गोळी चुकली म्हणून काय बिघडते? माल आला की पाठवितो." तिसऱ्या रात्री त्यांचे दोन्ही पाय असे आवळले की वहिनींस व मुलीस मिळून ते सरळ करता येईनात, पहाटे त्यांस खोलीत नसलेली माणसे दिसू लागली. पुण्यास नेऊन गोळ्या पुन्हा चालू केल्या तेव्हा आठवड्याने सावरले. चाळीस वर्षे औषधे विकणाऱ्या माणसाचे हे अज्ञान नव्हे, हा निष्काळजीपणा. आणि तो आम्ही या सभेपुढे कबूल करतो.

अशा स्थितीत गतवर्षी पुण्यातील त्यांच्या डॉक्टरांनी विचारले, "ताठरपणावरील एका नव्या औषधाची परीक्षा व्हावयाची आहे, आपण तीत भाग घ्याल काय?" सोबत मराठीतील माहितीपत्रकाची अनेक पाने दिली आणि घरी नेऊन वाचण्यास सांगितले.

घरी पंचायत बसली. थोरल्या काकांचे मत असे, की डॉक्टर आपल्याच ज्ञातीचे, त्यांस नाही म्हणणे बरे दिसणार नाही. सही करून मोकळे व्हावे. धाकटे काका उसळून म्हणाले, "आमचा मुलगा काय प्रयोगाचा उंदीर आहे?" वहिनींस फुकट तपासण्यांचा मोह होता, आणि तो त्यांनी प्रामाणिकपणे बोलून दाखविला. आम्ही थोरल्या काकांच्या बाजूचे. दोन दिवस वाद चालला आणि त्या दोन दिवसांत खुद्द रोग्यास कोणी विचारले नाही! अखेरीस ते म्हणाले, "दादा, पत्रक तुम्ही वाचले का?" आम्ही वाचले नव्हते. त्या रात्री वाचले, आणि पुढे महिनाभर त्याच्या अनुषंगाने मिळेल ते वाचले. आजचे हे चार शब्द त्या वाचनातूनच आलेले आहेत.

परीक्षा म्हणजे काय, हे समजावयास आपणांस फार दूर जावयास नको. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांस वंद्य असलेले वढू बुद्रुक आपल्या शिरूर तालुक्यातच आहे. डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे काम तेथे उभे राहिले. रोटाव्हॅक नावाच्या भारतीय लसीची जी मोठी परीक्षा २०११ साली सुरू झाली तिची तीन केंद्रे होती: दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याचे म्हणून हे वढू. अर्भकांच्या प्राणघातक जुलाबांवरची ही लस. तिन्ही केंद्रे मिळून ६,७९९ बालके परीक्षेत होती. त्यांपैकी ४,५३२ बालकांस लस मिळाली आणि २,२६७ बालकांस लशीसारखेच दिसणारे, परंतु लस नसलेले थेंब. कोणास काय मिळाले हे आईस ठाऊक नव्हते आणि थेंब पाजणाऱ्यासही नव्हते. निवड कोणाच्या मर्जीने नव्हे, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी झालेली. रोटा विषाणूच्या जुलाबाचा तीव्र प्रकार लशीने निम्म्याहून अधिक कमी होतो असे त्यातून निष्पन्न झाले आणि २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात आली. आज आपल्या नातवंडांस जे थेंब पाजले जातात त्यांमागे शिरूर तालुक्यातील कित्येक मातांचा तो होकार आहे. धाकट्या काकांस आम्ही हे सांगितले तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले. त्यांच्या सासुरवाडीचे गाव त्याच भागातले.

आता कोणी म्हणेल, रोग्यास खोटी गोळी देणे हा कोणता न्याय? आमचाही हाच आक्षेप होता. परंतु ताठरपणाचा विचार करा. तो रोज सारखा नसतो. दौंडाच्या वैशाखात या विकाराचे रोगी उन्हाने गळून जातात. थंडीत पाय अधिक आखडतात. मूत्राशय भरलेले असले, मलावरोध झाला, पाठीस जखम झाली, फार काय बूट घट्ट झाला, तरी पाय ताठतो. मग माघात सुरू केलेल्या औषधाने फाल्गुनात पाय सैल झाला तर यश औषधाचे की ऋतूचे? याचा निवाडा करावयाचा तर त्याच दिवसांत, तशीच दिसणारी, परंतु औषध नसलेली गोळी घेणारी दुसरी तुकडी शेजारी असलीच पाहिजे.

याहून अवघड प्रश्न पुढे आहे. पाय सैल झाला, हे ठरवावयाचे कोणी?

ब्रायन ॲशवर्थ या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञांनी १९६४ साली 'प्रॅक्टिशनर' या नियतकालिकात एक छोटेखानी निबंध लिहिला होता. विषय नेमका आपलाच: मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये कॅरिसोप्रोडॉल या त्या वेळच्या औषधाची प्राथमिक परीक्षा. त्या परीक्षेसाठी त्यांनी एक साधे माप केले. डॉक्टराने रोग्याचा अवयव आपल्या हाताने वाकवून पाहावा आणि प्रतिकारास अंक द्यावा. विरोध वाढलेला नसेल तर शून्य, किंचित अडखळल्यासारखे वाटले तर एक, असे चढत चढत अवयव वाकतच नसेल तर चार. कॅरिसोप्रोडॉलचे दिवस पुढे पालटले. त्याची सवय जडते म्हणून युरोपातील औषध नियंत्रकांनी २००७ साली ते बाजारातून काढण्याची शिफारस केली. माप मात्र टिकले. औषध विस्मरणात गेले आणि ते मोजण्याची पट्टी अजरामर झाली, असा हा प्रकार. आजही जगभर डॉक्टर व व्यायामोपचारतज्ज्ञ ॲशवर्थचे माप, किंवा त्याची १९८७ सालची सुधारलेली आवृत्ती, वापरतात.

हे माप सोयीचे खरे, परंतु त्यात साक्ष कोणाची? डॉक्टराच्या हाताची, आणि तीही रोगी पलंगावर पडला असतानाची, दिवसातील एका क्षणाची. रात्री दोन वाजता गुडघे पोटाशी आले होते की नाही, हे त्या हातास कसे कळावे?

याचे प्रत्यंतर २००३ साली आले. ब्रिटनमधील तेहतीस केंद्रांत मल्टिपल स्क्लेरोसिसच्या सहाशेंहून अधिक रोग्यांवर एक मोठी परीक्षा झाली, आणि तिचा निकाल 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. औषध कोणते? आपणांस हसू येईल. गांजाच्या झाडाचा अर्क. (हे ऐकून कोणी घरच्या घरी गांजाचा अर्क काढू नये, आपल्याकडे १९८५ चा कायदा आहे, आणि शिवाय अक्कलही आहे.) ॲशवर्थच्या मापाने पाहता औषध घेणारे व पोकळ गोळी घेणारे यांत फरक दिसेना. परंतु रोग्यांस विचारले तेव्हा अर्क घेणाऱ्यांपैकी शेकडा ६१ म्हणाले, ताठरपणा कमी झाला. परीक्षा फसली म्हणावी की मोजणी? आता यातील दुसरी मेख पाहा. ज्यांस औषध मुळीच मिळाले नव्हते त्यांपैकीही शेकडा ४६ जणांनी फरक आहे असेच सांगितले! आणि गांजाने डोके हलके होत असल्याने पुष्कळांनी आपणांस काय मिळाले हे ओळखलेही होते. म्हणजे केवळ डॉक्टराचा हात पुरत नाही, आणि केवळ रोग्याचा शब्दही तुलनेवाचून पुरत नाही. पुढे २०१२ साली त्याच देशातील २७९ रोग्यांवरच्या दुसऱ्या परीक्षेचा निकाल छापून आला; तीत तुलना कायम ठेवून मुख्य साक्ष रोग्याचीच घेतली होती. स्नायूंच्या ताठरपणात काय फरक पडला ते रोग्याने स्वतः अकरा पायऱ्यांच्या मापावर सांगावयाचे. बारा आठवड्यांनंतर आराम सांगणारे औषधाच्या बाजूस शेकडा २९ आणि पोकळ गोळीच्या बाजूस शेकडा १६ भरले. निकाल मोठा नव्हे. पण भरवसा ठेवण्याजोगा.

हे वाचताना आम्हांस आमचे दुकान आठवत होते. चाळीस वर्षांत हजारो लोकांनी फळीपाशी उभे राहून औषधाचा गुण आम्हांस सांगितला, आणि तो नेहमी आण्यांत सांगितला. "चार आणे फरक हाय." "आता बारा आणे बरं वाटतंय." आण्यांचे चलन १९५७ साली मोडीत निघाले, परंतु आमच्या भागात दुखणे अजून रुपयात सोळा आण्यांनीच मोजले जाते. शून्य ते दहाचे माप पुढे केले की म्हातारी माणसे गोंधळतात; आण्यांत विचारा, तत्काळ उत्तर येते. शहरातील संशोधकांस हे सांगण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.

परंतु दुकानाने आम्हांस आणखीही एक शिकविले, ते फारसे सुखाचे नाही. आपली माणसे डॉक्टरापुढे खरे बोलत नाहीत. खोटे बोलतात असे नव्हे, मर्यादा राखतात. डॉक्टराने आपुलकीने विचारले, "काय, फरक आहे ना?" की 'नाही' म्हणणे त्यांस उद्धटपणाचे वाटते. तेच गृहस्थ खाली येऊन आम्हांस म्हणावयाचे, "काही गुण नाही हो, पण डॉक्टरसाहेबांस वाईट वाटेल." आणि डॉक्टर आपल्या ज्ञातीचे असले तर मग विचारूच नका! आपले हे सौजन्य लग्नकार्यात शोभते. औषधाच्या परीक्षेत ते विष होय. गुण नसलेल्या औषधास सौजन्याने दिलेले आठ आणे पुढे हजारोंच्या घशात उतरतात. उलट पक्षी, गुण असून भीतीने तो न सांगितला, तरी नुकसान तितकेच.

कायद्याने रोग्यास काय दिले आहे तेही थोडक्यात सांगतो, कारण थोरल्या काकांप्रमाणे आपणांपैकी पुष्कळांची समजूत अशी, की एकदा सही केली की माणूस बांधला गेला. तसे नाही. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सा-परीक्षाविषयक नियमांप्रमाणे रोग्यास समजेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते; नैतिकता समितीच्या मान्यतेवाचून परीक्षा सुरू करता येत नाही; परीक्षेमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई द्यावी लागते. कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, रोगी बाहेर पडू शकतो, आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार थांबविता येत नाहीत. जून २००९ पासून प्रत्येक परीक्षेची देशाच्या नोंदवहीत आगाऊ नोंद सक्तीची आहे. ती नोंद कोणासही पाहता येते, आणि सही करण्यापूर्वी घरातील शिकलेल्या मुलाने ती पाहावी. हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. त्याआधी आपल्या देशात गरिबांवर त्यांच्या नकळत औषधे आजमावली गेल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. धाकट्या काकांचा उंदीर अगदीच काल्पनिक नव्हता.

आता चुलतबंधूंनी काय केले ते सांगून आमचे भाषण पुरे करतो.

माहितीपत्रकात एक कलम होते: परीक्षेच्या आरंभी चालू असलेले बॅक्लोफेन डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करून बंद करावयाचे, आणि मग चिठ्ठीत येईल ती गोळी घ्यावयाची. हळूहळू कमी करणे म्हणजे आम्ही केलेला तो पावसाळी अविचार नव्हे, हे चुलतबंधूंस समजत होते. तरी ती पहाट त्यांच्या स्मरणात होती. ते ठरल्या दिवशी वहिनींसह पुण्याच्या गाडीने गेले; आम्ही शिरूरहून मोटारीने जाऊन पोहोचलो. त्यांनी डॉक्टरांस दोन प्रश्न विचारले. पहिला, "माझा डावा पाय सकाळी ताठ राहतो म्हणून मी उठतो. तुमच्या मापात तो सैल झाला तर ते यश लिहिणार की अपयश?" डॉक्टर क्षणभर थांबले, मग त्यांनी तो प्रश्न कागदावर टिपून घेतला. उठण्याची व चालण्याची मोजणी परीक्षेत आहे, परंतु या दृष्टीने आपण पाहिले नव्हते, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. दुसरा प्रश्न, "चालू गोळ्या न थांबविता, वरून नवे औषध देण्याची परीक्षा कधी निघेल काय?" डॉक्टर म्हणाले, "तशाही परीक्षा होतात. निघाली तर कळवीन."

"तर मग ही नको," चुलतबंधू म्हणाले. "त्या वेळी अवश्य येईन."

आम्ही खाली मान घालून बसलो होतो. आता डॉक्टरांचा चेहरा उतरणार, असे आम्हांस वाटत होते. त्यांनी संमतिपत्र सहीवाचून फायलीत ठेवले, नेहमीप्रमाणे गुडघे वाकवून पाहिले, आणि नेहमीच्याच चिठ्ठीवर बॅक्लोफेनच्या तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. निघताना एवढेच म्हणाले, की पुढील भेटीपर्यंत रोजच्या रोज रात्रीचा ताठरपणा लिहून ठेवलात तर आपल्या उपचारासही उपयोग होईल.

तेव्हापासून ते एका वहीत लिहीत आहेत. गेल्या आठवड्यात आम्ही ती पाहिली. एका बाजूस रात्र, दुसऱ्या बाजूस सकाळचे उठणे. आणि आकडे सारे आण्यांत. परवाच्या तारखेस रात्र दहा आणे, उठणे चौदा आणे, आणि पुढे बारीक अक्षरात: 'नवे बूट घट्ट, काढून ठेवले.'